ठिणगी इंजिनाची, वखार व्यापाऱ्याची

ग्वाल्हेरच्या व्यापाऱ्यास आगगाडीची शिटी नवी नाही. माधवराव महाराज शिंदे यांच्या अमदानीत दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ग्वाल्हेर लाइट रेल्वेची चिमुकली गाडी धावू लागली आणि भिंड, शिवपुरी व श्योपूर या तिन्ही बाजूंचा मुलूख लश्करच्या पेठेशी जोडला गेला. त्याच महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला व्यापार मेळा आणि ही छोटी रेल्वे या दोहोंनी या नगरीच्या व्यापारास जे बळ दिले, त्याचे स्मरण जुन्या पिढीस अजून आहे. पुढे १९५१ च्या नोव्हेंबर महिन्यात शिंदे सरकारची ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. २००३ पासून ग्वाल्हेर स्थानक उत्तर मध्य रेल्वेच्या झाशी विभागात मोडते. श्योपूरकडे जाणारी ती छोटी गाडी २०२० साली थांबली आणि त्या मार्गावर रुंद रूळ टाकण्याचे काम हाती घेण्यात आले.

काळ पालटला तशी पेठही पालटली. दालबाजार, लोहिया बाजार व सराफा येथील जुन्या पेढ्या अजून गजबजलेल्या आहेत. परंतु बँक, कर, विमा आणि वकील यांच्या कामांसाठी आता आपली पावले सिटी सेंटरकडे वळतात. अशाच एका संध्याकाळी सिटी सेंटरमधील एका कचेरीत आम्ही चार व्यापारी बंधू बसलो असता एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हांस प्रश्न घातला. ते म्हणाले, “भाऊसाहेब, माल रेल्वेच्या डब्यात जळाला तर हाती बिल्टी असते, ती घेऊन कोठे जावयाचे हे आम्हांस ठाऊक आहे. पण माल आपल्याच वखारीत आहे, वखार रुळालगत आहे, आणि जाणाऱ्या इंजिनाच्या ठिणगीने ती पेटली, तर कोणाच्या दारात जावे? तेथे ना बिल्टी, ना करार!” प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र आम्हांस तत्काळ देता आले नाही, आणि त्याची आम्हांस लाज वाटली.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आमचा अल्पसा प्रयत्न होय. थोडक्यात सांगावयाचे तर ते असे: रेल्वेच्या हाती सोपविलेला माल जळाला, तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे रेल्वेस सिद्ध करावे लागते. आपल्या वखारीतील माल रेल्वेच्या ठिणगीने जळाला, तर रेल्वेने काळजी घेतली नाही हे आपणांस सिद्ध करावे लागते. ऐकावयास हा फरक लहान वाटतो; पण एखाद्या पेढीची तीन पिढ्यांची कमाई त्यात बुडू शकते.

ठिणगी येते कोठून?

कायद्याकडे वळण्यापूर्वी इंजिनाची रचना थोडी समजून घेणे इष्ट आहे, कारण पुढील सर्व वाद त्याभोवतीच फिरतो. वाफेच्या इंजिनात काम करून झालेली वाफ चिमणीखालच्या नळीतून जोराने वर सोडली जात असे. तिच्या ओढीने भट्टीत वारा खेचला जाई आणि आग फुले. परंतु तीच ओढ जळत्या कोळशाचे कण नळ्यांवाटे पुढे आणी आणि चिमणीतून बाहेर फेकी. त्यांना अडविण्यासाठी चिमणीखालच्या धूरपेटीत तारेची जाळी बसवीत आणि भट्टीतून पडणारे निखारे झेलण्यासाठी खाली राखेची पेटी ठेवीत. जाळीस भोक पडले, राखपेटीची झडप नीट बसेनाशी झाली, आणि चढावर गाडी ओढताना चालकाने जोर लावला, की निखारे रुळाच्या दोन्ही अंगांस उडत. वैशाखातील सुकलेल्या गवतास याहून अधिक निमंत्रण लागत नाही.

चित्तरंजनच्या कारखान्याने रुंद रुळांचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० साली बांधले, आणि शतक सरता सरता वाफेची इंजिने नित्याच्या वाहतुकीतून निघून गेली. यावरून कोणी म्हणेल की प्रश्नच मिटला. तसे नाही. डिझेल इंजिनाच्या धुराड्यात काजळीचा थर साचतो. टर्बोचार्जरमधून गळणारे तेल त्यात मिसळते. आणि बराच वेळ संथ चाललेल्या इंजिनावर एकाएकी जोर पडला की तो थर पेटून त्याचे जळते कण बाहेर पडतात. ब्रेकचा लोखंडी ठोकळा चाकास घासतो तेव्हा तापलेले लोहकण उडतात. ब्रेक अडकून राहिल्यास ते कोसभर उडत राहतात. तेल आटलेला आस तापून लाल होतो. विजेच्या गाडीसही वरच्या तारेशी ठिणग्या उडण्याचे भय असतेच. आमच्या शहराजवळ बिर्लानगर स्थानकानजीक २१ मे २०१८ रोजी दिल्लीहून विशाखापट्टणमकडे जाणाऱ्या आंध्र प्रदेश एक्स्प्रेसचे दोन वातानुकूलित डबे पेटले होते. सुदैवाने कोणी दगावले नाही. ती आग इंजिनाची नव्हे, डब्यांची होती. परंतु वाफ गेली म्हणून रुळांवरील अग्नी गेला असे मानणाऱ्यांस त्या दिवशी उत्तर मिळाले.

लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की यांपैकी बहुतेक दोष वेळेवरच्या तपासणीने टळण्याजोगे आहेत. जाळी बदलणे, काजळी काढणे, ब्रेक सोडविणे ही थोड्या खर्चाची कामे होत. ती न केल्यामुळे लागलेल्या आगीस दैवाचा कोप म्हणणे हा दैवावर अन्याय आहे.

पहिली आग : माल रेल्वेच्या हाती

रेल्वेच्या हाती असलेल्या मालाविषयीचा कायदा तीन टप्प्यांनी आजच्या स्थितीस आला. १८९० च्या रेल्वे कायद्यान्वये रेल्वेची जबाबदारी दुसऱ्याचा माल सांभाळावयास घेणाऱ्या माणसाएवढीच होती. शहाणा मनुष्य स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी तिने घेतली, की तिची सुटका होई. शिवाय कमी भाड्याच्या मोहाने आपले वाडवडील ‘मालकाच्या जोखमीवर’ माल पाठवीत आणि त्या एका शब्दाने हात बांधून घेत.

१९६१ च्या दुरुस्तीने, जी १९६२ च्या आरंभापासून अमलात आली, हे चित्र बदलले. रेल्वे आता मालाची जणू विमेदार झाली. वाटेत माल हरवला, नासला वा जळाला तर ती जबाबदार ठरू लागली. १९८९ च्या कायद्याच्या ९३ व्या कलमात हेच तत्त्व कायम आहे. या कलमात रेल्वेस सुटकेची नऊ कारणे दिली आहेत: दैवी आपत्ती, युद्ध, देशाचे शत्रू, कायदेशीर जप्ती इत्यादी. त्यांतील नववे कारण व्यापाऱ्याने नीट वाचावे. ते आहे आग, स्फोट किंवा अकल्पित संकट.

एवढे वाचून पुष्कळ बंधू निराश होतात आणि दावा सोडून देतात. ‘आग’ हा शब्द रेल्वेच्या उत्तरात आला की सर्व संपले असे त्यांस वाटते. पण कलम तेथे संपत नाही. त्यास जोडलेले परंतुक असे सांगते की, नुकसान या नऊ कारणांपैकी एखाद्याने झाल्याचे सिद्ध झाले तरीदेखील, वाहतुकीत आपण वाजवी दूरदृष्टी व काळजी बाळगली होती हे रेल्वेने आणखी सिद्ध केल्याखेरीज तिची जबाबदारी टळत नाही. म्हणजे ‘आग लागली’ एवढे म्हणून रेल्वेस मोकळे होता येत नाही. ब्रेक केव्हा तपासला, इंजिनाची दुरुस्ती केव्हा झाली, डबा बंद होता की उघडा, हे सर्व कागद तिने मांडले पाहिजेत. आमच्या सभासदांनी या परंतुकाची प्रत पेढीत लावून ठेवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

तथापि तीन गोष्टी विसरू नयेत. पहिली, मालकाच्या जोखमीच्या दराने माल पाठविल्यास निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार पुन्हा आपल्यावर येतो. दुसरी, माल मुक्कामी पोहोचून वाहतूक संपल्यावर मालधक्क्यावर पडून राहिला, तर रेल्वेची जबाबदारी सौम्य होऊन केवळ सांभाळणाऱ्याची उरते, आणि तीही सात दिवसच. नाशवंत व धोकादायक मालास तेवढेही संरक्षण नाही. भाव चढण्याची वाट पाहत माल धक्क्यावर ठेवणाऱ्याने हा हिशेबही मांडावा. तिसरी, माल रेल्वेच्या हवाली केल्यापासून सहा महिन्यांच्या आत १०६ व्या कलमान्वये लेखी मागणी पोहोचली पाहिजे. जेठमल भोजराज या पेढीच्या दार्जिलिंग हिमालयन रेल्वेविरुद्धच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली अशा सूचनेचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगितले खरे. पण उदारपणा सूचनेच्या शब्दांविषयी आहे, मुदतीविषयी नव्हे. अशा दाव्यांसाठी १९८७ च्या कायद्याने रेल्वे दावा न्यायाधिकरण स्थापन झाले असून आपल्या प्रांताचे खंडपीठ भोपाळ येथे आहे.

दुसरी आग : माल आपल्या वखारीत

आता त्या वृद्ध सभासदांच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. येथे माल रेल्वेकडे सोपविलेलाच नाही. म्हणून ९३ वे कलम लागू नाही आणि न्यायाधिकरणाचे दारही उघडे नाही. अशा व्यापाऱ्यास साध्या दिवाणी न्यायालयात जाऊन निष्काळजीपणाचा दावा मांडावा लागतो. हा कायदा इंग्लंडातून आपल्याकडे आला, म्हणून तेथील चार गोष्टी सांगणे भाग आहे.

१८६० साली टॅफ व्हेल रेल्वेच्या इंजिनाच्या ठिणगीने वॉन नावाच्या गृहस्थाची झाडी जळाली. न्यायालयाने म्हटले की इंजिन चालविण्याची परवानगी संसदेने दिली आहे आणि रेल्वेने शक्य ती सर्व काळजी घेतली आहे. सबब ती जबाबदार नाही. १८६८ साली वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वेच्या ठिणगीने गवताची एक गंजी जळाली. ही रेल्वे आपल्या ग्वाल्हेरच्या छोट्या गाडीची वडील बहीणच म्हणावी. तिचे रूळ दोन फुटांहून किंचित अरुंद. तिलाही काळजी घेतल्याचे सांगता आले. पण तिच्या मूळ कायद्यात वाफेच्या इंजिनाची परवानगीच नव्हती. न्यायालयाने तिच्याकडून भरपाई वसूल करविली. काळजी दोघींनीही घेतली होती. एकीस परवान्याने तारले आणि दुसरीस परवान्याच्या अभावाने बुडविले. ज्याची गंजी जळाली त्यास मात्र हा भेद काय समजावा!

१८७० साली निकालास आलेल्या तिसऱ्या प्रकरणात लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेच्या नोकरांनी कुंपणाची छाटणी व कापलेले गवत ऐन उन्हाळ्यात रुळाकाठी तसेच पडू दिले. ते पेटले; आग शेत व रस्ता ओलांडून दोनशे यार्डांवरील एका झोपडीस जाऊन भिडली. इतक्या दूरवर आग जाईल हे कोणास कळणार, असा रेल्वेचा बचाव होता. तो टिकला नाही. एकदा हयगय झाली, की तिच्या परिणामांचे अंतर मोजीत बसण्याची मुभा हयगय करणाऱ्यास नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

वॉनच्या निकालाने शेतकऱ्यांवर होणारा अन्याय इंग्लंडच्या संसदेस पुढे खुपू लागला. १९०५ साली तिने रेल्वेच्या आगींविषयी स्वतंत्र कायदा केला आणि तो १९०८ च्या आरंभापासून अमलात आला. इंजिनाच्या ठिणगीने शेतजमीन वा पीक जळाल्यास, इंजिन परवान्याने चालत होते ही सबब ऐकून न घेता, शंभर पौंडांपर्यंत भरपाई देण्याचे बंधन रेल्वेवर आले. १९२३ साली ही मर्यादा दोनशे पौंडांची झाली.

आपल्या देशात काय झाले? १८९० च्या कायद्याच्या १६ व्या कलमाने सरकारच्या पूर्वसंमतीने इंजिने चालविण्याची परवानगी रेल्वेस दिली. म्हणजे टॅफ व्हेलची ढाल आपल्याकडे आली. इंग्लंडच्या १९०५ च्या कायद्यासारखी सोय मात्र आली नाही.

तरीही ही ढाल सर्व वार झेलणारी नव्हे, आणि हे दाखवून देणारा निकाल एका मराठी संस्थानाविरुद्ध झालेला आहे. बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या रेल्वेमुळे पावसाचे पाणी अडून गांधी कचराभाई यांच्या जमिनीचे नुकसान झाले. रेल्वेचे म्हणणे असे की बांधकाम कायद्याच्या अधिकाराने झाले आहे, सबब दिवाणी दावा चालत नाही. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने ते नाकारले. कायद्याने दिलेला अधिकार हयगयीने वापरला, तर तो अधिकार ढाल म्हणून पुढे करता येत नाही, हे तत्त्व या निकालाने आपल्याकडे रुजले. ते पाण्यास जसे लागू, तसेच अग्नीसही. इंजिन चालविण्याचा परवाना हा फाटक्या जाळीचे किंवा गळक्या तेलाचे इंजिन चालविण्याचा परवाना नव्हे.

रेल्वे सरकारची, मग दावा कोणावर?

येथे आणखी एक शंका उद्भवते. रेल्वे सरकारची आहे. सरकारवर दावा चालतो काय? या शंकेस कारणही आहे, आणि ते आपल्याच समाजातील एका पेढीच्या दुर्दैवाशी निगडित आहे. कस्तुरीलाल रलियाराम जैन या अमृतसरच्या पेढीचे एक भागीदार १९४७ च्या सप्टेंबरात सोने-चांदी घेऊन मेरठला गेले असता पोलिसांनी त्यांस पकडले. दुसऱ्या दिवशी ते सुटले. चांदी परत मिळाली. सोने मात्र ज्याच्या ताब्यात होते तो हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला. पोलिसांची हयगय उघड होती. तरीही १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पोलिसांचे काम सार्वभौम सत्तेचे असल्यामुळे राज्य भरपाई देण्यास बांधलेले नाही. पेढीचे सोने गेले ते गेलेच.

परंतु रेल्वेची गोष्ट वेगळी आहे, आणि तेही दुसऱ्या एका जैन व्यापाऱ्याच्या दाव्यातूनच स्पष्ट झाले आहे. लाडूलाल जैन यांचा माल पोहोचला नाही म्हणून त्यांनी रेल्वेवर दावा लावला. तो कोणत्या न्यायालयात चालावा या वादात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रेल्वे चालविणे हा धंदा आहे, आणि सरकारने चालविला म्हणून तो धंदा असण्याचे थांबत नाही. २००० सालच्या चंद्रिमा दास प्रकरणातही रेल्वेचा व्यवहार व्यापारी स्वरूपाचा असल्याचे त्या न्यायालयाने सांगितले. त्यापूर्वी १९९४ साली धान्य व खत यांचे व्यापारी नागेंद्र राव यांचा जप्त केलेला माल सरकारी हयगयीने नासला, तेव्हा न्यायालयाने राज्यास जबाबदार धरून जुन्या निकालाची धार बरीच बोथट केली. सबब रेल्वेच्या हयगयीबद्दल केंद्र सरकारवर दावा चालतो, याविषयी आमच्या बंधूंनी संशय बाळगू नये.

सरकार रेल्वेचे चालक असताना काय घडू शकते याचे एक भयंकर उदाहरण अमेरिकेचे आहे. पहिल्या महायुद्धात तेथील रेल्वे केंद्र सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. १९१८ च्या ऑक्टोबरात मिनेसोटा प्रांतात साइडिंगशेजारी रचलेल्या लाकडांच्या ढिगात गाडीच्या ठिणगीने आग धुमसू लागली. दोन दिवसांनी वारा सुटला, इतर ठिकाणच्या आगी तिला मिळाल्या, क्लोके हे गाव भस्म झाले आणि सुमारे साडेचारशे माणसे प्राणास मुकली. न्यायालयांनी रेल्वेची जबाबदारी मान्य केली. तरी सरकारने बहुतेकांस अर्ध्यामुर्ध्या रकमेवर मिटवून घ्यावयास लावले. उरलेली भरपाई देण्याचा कायदा झाला तो १९३५ साली. सतरा वर्षे! या सतरा वर्षांत किती दुकाने पुन्हा उघडली नसतील, याचा विचार प्रत्येक गृहस्थाने करावा.

पुरावा कोणाच्या कपाटात?

दावा चालतो हे खरे. पण तो सिद्ध कसा व्हावयाचा? जाळी फाटली होती की नाही, ब्रेक अडकला होता की नाही, हे सांगणारी वही रेल्वेच्या कपाटात असते. आपल्या हाती असते ती राख. ज्या गोष्टीची माहिती विशेषेकरून एकाच पक्षास असते ती सिद्ध करण्याचा भार त्या पक्षावर टाकावा, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. परंतु त्या तत्त्वाचा आधार घेण्यापूर्वी, आग त्या गाडीच्याच ठिणगीने लागली एवढे तरी आपण दाखवून द्यावे लागते. ते दाखविण्याचा काळ पहिल्या दोन दिवसांचा असतो. पुढे पाऊस पडतो, राडारोडा उचलला जातो, साक्षीदार पांगतात.

म्हणून ज्यांच्या वखारी रुळालगत आहेत त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आग विझविणे व माणसे वाचविणे हे पहिले काम. त्यात कुचराई नको. त्यानंतर कोणती गाडी कोणत्या वेळी गेली, इंजिनाचा क्रमांक काय, वारा कोणत्या दिशेचा होता, आग प्रथम रुळाच्या बाजूस दिसली की वखारीच्या आत, हे त्याच दिवशी लिहून त्यावर साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. छायाचित्रे काढावीत. अग्निशामक दलाचा अहवाल व पोलिसांचा पंचनामा यांच्या प्रती मागाव्यात. विमा कंपनीस तत्काळ कळवावे. तिने भरपाई दिली तर रेल्वेविरुद्धचा हक्क तितक्यापुरता तिच्याकडे जातो, आणि पुराव्याच्या कामी तिची मदत होते. त्याच आठवड्यात रेल्वेस नोंदणीकृत पत्र पाठवून त्या इंजिनाच्या तपासणीचे व दुरुस्तीचे सर्व कागद जपून ठेवण्याची मागणी करावी आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्यांच्या प्रती मागाव्यात. त्या कायद्याप्रमाणे उत्तर तीस दिवसांत मिळावयास हवे.

मुदतीविषयी विशेष सावधगिरी हवी. सरकारवर दिवाणी दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमान्वये दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. रेल्वेच्या बाबतीत ती त्या रेल्वेच्या महाव्यवस्थापकांस द्यावयाची, म्हणजे ग्वाल्हेरकरांनी प्रयागराज येथे. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे असे समजून स्वस्थ बसू नये. कायद्याच्या अधिकाराने केलेल्या कृत्याबद्दलच्या दाव्यांस एका वर्षाची मर्यादा आहे आणि रेल्वेचे वकील तिचा आधार घेऊ शकतात. सबब वर्ष उलटण्यापूर्वी दावा दाखल झाला पाहिजे.

या सर्वांहून मोलाचा पुरावा आगीच्या आधीचा असतो. अमुक गाडीच्या इंजिनातून ठिणग्या उडतात, रुळाकाठचे गवत वाढले आहे, अशी तक्रार आगीपूर्वी लेखी पोहोचली असेल तर ‘आम्हांस कल्पना नव्हती’ असे रेल्वेस म्हणता येत नाही. पोचपावतीचा तो एक कागद न्यायालयात लाख रुपयांच्या ठिकाणी उभा राहतो. पण आपण तो लिहीत नाही. ‘कशाला अधिकाऱ्यांशी वाकडे घ्या’ हा आपला स्वभाव. आणि तोच पुढे आपणांस महाग पडतो.

आपला वाटा

न्यायाची गोष्ट बोलताना आपली बाजूही तपासली पाहिजे. १९१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे लेरॉय फायबर कंपनीचा दावा आला होता. कंपनीने रुळालगत स्वतःच्या जागेत जवसाच्या काडाच्या गंजी रचल्या होत्या आणि त्या इंजिनाच्या आगीने जळाल्या. रेल्वे म्हणाली, गंजी इतक्या जवळ रचल्या हाच दोष. न्यायालयाने सांगितले की आपल्या जमिनीचा योग्य उपयोग करणाऱ्याने शेजाऱ्याच्या हयगयीचे गणित आधीच मांडून ठेवावे असे बंधन नाही. निकाल व्यापाऱ्याच्या बाजूचा आहे. तरीही अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० साली याच ठिणगीचे उदाहरण घेऊन दाखविले की नुकसान दोघांच्या सान्निध्याने होते, आणि ते कमीत कमी खर्चात कोण टाळू शकतो हाही विचार केला पाहिजे. हे वचन रेल्वेस आपली जबाबदारी झटकण्यासाठी नव्हे. पण आपणांस विचार करावयास लावणारे खचित आहे. वखारीच्या रुळाकडील भिंतीस उघडी खिडकी असू नये, बारदान व कडबा त्या बाजूस रचू नये, कुंपणाआतले गवत फाल्गुनापूर्वी कापावे, पाणी व वाळू हाताशी असावी. जो आपल्या बाजूची काळजी घेतो त्यालाच दुसऱ्याच्या बेफिकिरीबद्दल ताठ मानेने बोलता येते.

शेवटची विनंती

आमच्या अल्प मतीप्रमाणे संस्थेने या बाबतीत दोन कामे हाती घ्यावीत. रुळालगत वखारी असलेल्या सभासदांची एक यादी करावी आणि दर वर्षी उन्हाळ्यापूर्वी त्या सर्वांच्या वतीने झाशी विभागाच्या अधिकाऱ्यांस गवतकापणी व इंजिनांच्या तपासणीविषयी पत्र पाठवून त्याची पोच जपून ठेवावी. एकट्या दुकानदारास ज्या गोष्टीचा संकोच वाटतो ती संस्थेस सहज करता येते. दुसरे असे की, रुळाकाठच्या शेतकऱ्यास व व्यापाऱ्यास दोषाचा वाद न घालता ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई मिळावी, अशी तरतूद रेल्वे कायद्यात करण्याची मागणी आपल्या लोकप्रतिनिधींमार्फत संसदेपुढे न्यावी. ही मागणी अवास्तव नाही. अपघातात सापडलेल्या प्रवाशास चूक कोणाची हे न पाहता भरपाई देण्याचे तत्त्व आपल्या रेल्वे कायद्याने स्वीकारलेले आहे आणि १९९४ पासून त्याची व्याप्ती वाढविली आहे. गाडीत बसलेल्यास जो न्याय, तो गाडीच्या वाटेवर राहणाऱ्यास का नसावा?

त्या वृद्ध सभासदांस आम्ही हे सर्व सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे बिल्टी नसली तरी कागद लागतोच. तो आता आपण आधी लिहून ठेवावयाचा.” आमच्या साऱ्या लेखाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले. ज्यांची वखार रुळाकाठी आहे, त्या प्रत्येक बंधूने या उन्हाळ्यापूर्वी तो कागद लिहावा, एवढीच आमची नम्र विनंती.